दर दोन तासांनी कूस बदलणारे डॉक्टर : सर लुडविग गुटमान



मी नऊ वर्षांचा असताना आमच्या गल्लीतले एक काका उसाच्या लॉरीवरून पाठीवर पडले. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. पण वडील त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हां मुलांचे ते काका. मणका मोडला आणि कमरेखालचे सारे अंग लुळे पडले. काही आठवड्यांनी त्यांना इस्पितळातून घरी आणले. काकूंनी, त्यांच्या सुनेने आणि शेजारणींनी त्यांची सेवा करण्यात काहीच कमी ठेवले नाही. गरम पेज असे, तेलाचे मालीश असे, घरात दिवा-उदबत्ती असे. तरीही पाचव्या महिन्यात काका गेले. शेवटचे काही आठवडे त्यांच्या खोलीत आम्हां मुलांना जाऊ देत नसत. माकडहाडाजवळ मोठी जखम झाली होती, तिला वास येत होता आणि अंगात ताप राहात होता, एवढे मात्र आम्हाला कळे. सगळे म्हणत की मणका मोडला म्हणून काका गेले.

पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या वेळी प्रथमोपचाराचा अभ्यास करताना मला पहिल्यांदा कळले की मोडलेल्या मणक्याने सहसा माणूस मरत नाही. पाठीवर एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेने आणि लघवी तुंबून आत शिरणाऱ्या विषाने तो मरतो, आणि या दोन्ही गोष्टी टाळता येतात. ज्या गृहस्थांनी हे जगाला दाखवून दिले त्यांचे चरित्र आज या पानावर सांगायचे आहे. त्यांचे नाव सर लुडविग गुटमान. दर चार वर्षांनी टेलिव्हिजनवर दिसणाऱ्या पॅरालिम्पिक खेळांचे जनक म्हणून पुष्कळांना हे नाव माहीत असते. पण खेळ हा त्यांच्या कामाचा उत्तरार्ध होय. पूर्वार्ध जाणल्याशिवाय उत्तरार्धाचे मोल समजत नाही.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी अप्पर सायलेशिया प्रांतातील टोस्ट या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तो मुलूख तेव्हा जर्मनीत होता, आज तो पोलंडमध्ये आहे. पुढे कुटुंब क्योनिग्सह्युट्टे या कोळशाच्या खाणींच्या गावी राहावयास गेले. आपल्या बेटावर जशी उसाची गावे, तशी ती कोळशाची गावे. घराघरांतले पुरुष जमिनीखाली उतरत, आणि अपघात हा रोजच्या जीवनाचाच भाग होता.

१९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, अठरा वर्षांचा लुडविग तेथील अपघातांच्या इस्पितळात सेवक म्हणून काम करू लागला. एके दिवशी एका तरुण, धट्ट्याकट्ट्या खाणकामगाराला आणले. त्याचा कणा मोडला होता. त्याला प्लास्टरमध्ये बसवून वॉर्डाच्या एका टोकाला, पडद्याआड ठेवण्यात आले. लुडविग त्याची टिपणे उत्साहाने लिहू लागला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला सांगितले की एवढे लिहिण्याची गरज नाही, हा गडी काही आठवड्यांतच जाणार. आणि तसेच झाले. पाच आठवड्यांत त्या कामगाराच्या पाठीला जखमा झाल्या, लघवीत पू झाला आणि रक्तात विष भिनून तो मेला. त्या मुलाचा चेहरा आपण आयुष्यभर विसरलो नाही असे गुटमान म्हातारपणीही सांगत असत.

त्या वरिष्ठांना दुष्ट म्हणून चालणार नाही. सगळ्या जगाची समजूत तेव्हा तीच होती. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी शेकडा सुमारे ऐंशी मेले असे सांगितले जाते. जे वाचत ते पुढे वर्ष-दोन वर्षे खाटेवर काढीत. डॉक्टरांच्या दृष्टीने अशा रोग्यावर श्रम खर्च करणे म्हणजे वाळूत पाणी ओतणे होते.

गुटमान यांनी ब्रेस्लाउ व फ्रायबुर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १९२४ साली ते डॉक्टर झाले. त्यानंतर ब्रेस्लाउ येथे त्यांनी ओटफ्रिड फोर्स्टर या ख्यातनाम मज्जातज्ज्ञांच्या हाताखाली काम केले. फोर्स्टर हे कडक गुरू. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, आणि प्रत्येक रोग्याची बारीक तपासणी स्वतःच्या हाताने करायची. ही शिस्त शिष्याच्या अंगात मुरली. मध्ये काही काळ हँबुर्गला शस्त्रक्रिया विभाग उभा करून ते पुन्हा ब्रेस्लाउला आले आणि फोर्स्टर यांचे प्रथम सहायक झाले. मज्जासंस्थेचे जर्मनीतील एक मोठे तज्ज्ञ अशी त्यांची ख्याती होऊ लागली.

इतक्यात १९३३ साल उजाडले. हिटलरच्या राजवटीने ज्यू लोकांना सरकारी व विद्यापीठीय नोकरीतून काढून टाकण्याचा कायदा केला आणि गुटमान यांची जागा गेली. यापुढे ते फक्त ज्यू रोग्यांनाच तपासू शकत होते. ते ब्रेस्लाउच्या ज्यू इस्पितळात गेले आणि १९३७ साली त्या संपूर्ण इस्पितळाचे प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यू लोकांची मंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, पुरुषांना घरातून ओढून छळछावण्यांत नेले जाऊ लागले. त्या रात्री गुटमान यांनी इस्पितळात हुकूम सोडला की जो कोणी पुरुष दाराशी येईल त्याला काही न विचारता दाखल करून घ्यावे. सकाळपर्यंत चौसष्ट माणसे खाटांवर होती. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी जाब विचारण्यास आले. गुटमान त्यांना घेऊन एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे फिरले आणि प्रत्येकाला कसला ना कसला गंभीर आजार असल्याचे शास्त्रीय भाषेत समजावून सांगत गेले. अधिकाऱ्यांच्या पाठीमागे उभे राहून ते रोग्यांना तोंड वेडेवाकडे करण्याची खूण करीत, असेही सांगतात. चौसष्टांपैकी साठ जण त्या दिवशी वाचले. डॉक्टराने खोटे बोलावे की नाही, यावर नीतिशास्त्राच्या तासाला वाद घालता येईल. मला स्वतःला त्या साठ खाटांपुढे वाद सुचत नाही.

यानंतर थोड्याच दिवसांत एक विलक्षण योग आला. पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या, सालाझारच्या, एका मित्राला तपासण्यासाठी गुटमान यांना लिस्बनला जाण्याची परवानगी खुद्द नाझी सरकारने दिली. येताना ते दोन दिवस लंडनला थांबले. परागंदा विद्वानांना मदत करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये राहण्याची सोय करून ठेवली होती. ते परत जर्मनीला गेले, कुटुंबाची जमवाजमव केली आणि १४ मार्च १९३९ रोजी पत्नी एल्झे, मुलगा डेनिस आणि मुलगी इव्हा यांच्यासह ऑक्सफर्डला येऊन पोहोचले. चाळिशीला टेकलेला माणूस, तोंडात परकी भाषा आणि हातात दुसऱ्याने दिलेले थोडेसे पैसे! आपले पूर्वज या बेटावर उतरले तेव्हाची त्यांची स्थिती वेगळी होती, त्यांच्यापाशी पदव्या नव्हत्या. पण परक्या भूमीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना सांगावे लागत नाही.

ऑक्सफर्डला त्यांनी शिरांच्या इजांवर संशोधन केले. काम चांगले होते, पण मन रमेना. रोगी हाताखाली असावेत ही ओढ काही सुटत नव्हती. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारतर्फे त्यांना विचारणा झाली. दोस्त सैन्य युरोपात उतरण्याच्या तयारीत होते, त्यात पाठीला गोळी लागलेले सैनिक येणार हे ठरलेलेच होते. त्यांच्यासाठी बकिंगहॅमशरमध्ये एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात एक विभाग काढायचा होता. गुटमान यांनी काम पत्करले, पण एक अट घातली : रोग्यांवर माझ्या पद्धतीने उपचार करीन, त्यात कोणी ढवळाढवळ करता कामा नये.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी विभाग सुरू झाला. सव्वीस खाटा होत्या आणि रोगी एकच. साहित्य अपुरे, माणसे अपुरी. सहकारी डॉक्टरांना तर नवल वाटे की असा नामांकित मनुष्य या मरणाऱ्या लोकांच्या कोठडीत स्वतःला का कोंडून घेतो आहे. पण सहा महिन्यांत तेथे जवळजवळ पन्नास रोगी झाले.

आता त्यांची पद्धत नीट समजून घेऊ या, कारण या चरित्राचा गाभा तोच आहे.

आपण रात्री झोपतो तेव्हा नकळत कितीतरी वेळा कूस बदलतो. एका जागी दाब पडून दुखू लागले की त्या जागेची बातमी मज्जारज्जूमार्गे मेंदूला जाते, मेंदू हुकूम सोडतो आणि झोपेतच अंग वळते. मज्जारज्जू तुटला की बातमी जात नाही आणि हुकूमही येत नाही. मग हाड आणि गादी यांच्या मध्ये कातडी चेपली जाते. बागेला पाणी घालताना रबरी नळीवर पाय ठेवला तर पुढे पाणी जात नाही. तसे त्या जागी रक्त जाणे थांबते. काही तासांत मांस मरू लागते. वरून कातडी नुसती लालसर दिसते आणि आत खड्डा पडलेला असतो. त्यात जंतू शिरले की ते हाडापर्यंत आणि रक्तापर्यंत पोहोचतात. जुन्या उपचारात रोग्याला प्लास्टरच्या साच्यात हलता येणार नाही असे बसवीत. म्हणजे ज्या गोष्टीने तो मरणार होता तीच त्याला औषध म्हणून दिली जात होती! गुटमान यांनी ते प्लास्टरचे साचे काढून टाकले.

त्यांचा नियम साधा होता : प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. त्यासाठी सेवकांची तुकडी वॉर्डाच्या एका टोकापासून निघे. सगळ्यांना वळवून दुसऱ्या टोकाला पोहोचेतो पुन्हा पहिल्याची वेळ होत आलेली असे. उशा कोठे ठेवायच्या, टाचा गादीला लागू द्यायच्या नाहीत, चादरीला सुरकुती राहता कामा नये, हे सारे ते स्वतः दाखवीत. मध्यरात्री ते अचानक वॉर्डात हजर होत, आणि रोगी वळवला की नाही हे पाहात. एखाद्याच्या पाठीवर नवा लाल डाग दिसला की सबंध वॉर्डाला त्यांचा आवाज ऐकू जाई.

दुसरा शत्रू मूत्राशयात होता. कमरेखालचे अंग गेले की लघवी भरल्याचे कळत नाही आणि सोडताही येत नाही. ती तुंबते, कुजते, जंतू वर चढून मूत्रपिंडे नासवतात. पूर्वी एकदा घातलेली नळी आठवडेच्या आठवडे आतच राहात असे, आणि तिच्याच वाटेने जंतू शिरत. गुटमान यांनी ठराविक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे व नळी लगेच काढून घ्यायची, असा क्रम लावला. हे काम इतक्या स्वच्छतेने व्हायला हवे होते की सुरुवातीला ते परिचारकांवरही न सोपवता डॉक्टरांनीच करावे असा त्यांचा आग्रह असे. पेनिसिलिन तेव्हा नुकते येऊ लागले होते आणि त्याची चणचण होती. तेव्हा भिस्त मुख्यतः हात धुण्यावर आणि घड्याळावर.

यात कोणते मोठे यंत्र आहे? काहीच नाही. म्हणूनच मला आमच्या काकूंची आठवण येते. त्या रात्रभर उशाशी बसत, पण नवऱ्याला दुखू नये म्हणून त्यांना हलवीत नसत. कोणी त्यांना सांगितलेच नव्हते.

जखमा भरू लागल्या, ताप उतरू लागले आणि एक नवाच प्रश्न समोर आला. माणसे जगली, आता ती करणार काय? गुटमान यांनी त्यांना खाटेवर स्वस्थ पडू दिले नाही. सकाळी उठायचे, बसायला शिकायचे, हातांच्या जोरावर खुर्चीत उतरायचे. इस्पितळात लाकूडकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग निघाले. ज्याला जे जमेल ते शिकून त्याने बाहेर पडून पगार मिळवावा, कर भरावा, लग्न करावे, ही त्यांची कल्पना. दया त्यांना सोसत नसे. रोगी त्यांना प्रेमाने पॉपा म्हणत, म्हणजे बाबा. पण या बाबांचा दराराही तसाच होता. जर्मन उच्चारांच्या इंग्रजीत ते रागे भरत, आणि रडत बसलेल्या तरुणाला उठवून वर्कशॉपमध्ये पाठवीत. परिचारिकांपैकी पुष्कळ जणी त्यांना भीत असत. त्यांचा स्वभाव गोड होता असे कोणीच म्हणत नाही.

खेळाचा प्रवेश असाच झाला. काही रोगी फावल्या वेळात चाकांच्या खुर्च्यांत बसून, हातातल्या काठ्या उलट्या धरून एक चकती इकडून तिकडे मारीत होते. ते पाहून गुटमान आणि त्यांचे व्यायाम-शिक्षक यांनी स्वतः खुर्च्यांत बसून त्यांच्याशी सामना खेळला. चाकांवरचा पोलो असा सुरू झाला. तो फार धसमुसळा ठरला म्हणून पुढे बंद केला आणि त्याच्या जागी नेटबॉल, नंतर बास्केटबॉल आला. तिरंदाजीवर मात्र त्यांचा विशेष जीव होता. धनुष्य ओढताना खांदे, पाठ आणि पोटाचे स्नायू बळकट होतात, बसण्याचा तोल सुधारतो. आणि खुर्चीतला तिरंदाज उभ्या तिरंदाजाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. व्यायामशाळेत हात शंभर वेळा वरखाली कर म्हटले तर मुले कंटाळतात, आणि चेंडू दिला की तेच हात हजार वेळा वर करतात. हे प्रत्येक शाळामास्तराला ठाऊक आहे. गुटमान यांनी ते इस्पितळात लागू केले एवढेच!

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये युद्धानंतरच्या पहिल्या ऑलिंपिक खेळांचे उद्घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा अपंग सैनिकांनी, त्यांत चौदा पुरुष व दोन स्त्रिया होत्या, तिरंदाजीची स्पर्धा केली. प्रेक्षक फारसे नव्हते. पण गुटमान यांनी मनाशी ठरवले होते की हे दरवर्षी करायचे, आणि एक दिवस ऑलिंपिकच्या जोडीला न्यायचे. ऐकणारे हसले असतील. १९५२ साली हॉलंडचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोमला, ऑलिंपिक संपल्यानंतर, तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले. तीच पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा म्हणून आज मोजली जाते, जरी ते नाव अधिकृतपणे पुढे रूढ झाले.

रोमची एक गोष्ट मजेची आणि लाजेचीही आहे. खेळाडूंना राहावयास दिलेली घरे खांबांवर उभी होती आणि त्यांना जिने होते. चाकांच्या खुर्च्या घेऊन आलेल्या चारशे माणसांना जिने! शेवटी इटालियन सैनिकांनी खेळाडूंना खुर्च्यांसकट उचलून वर नेले आणि खाली आणले.

१९६४ साली स्पर्धा टोकियोला गेली. स्टोक मँडेव्हिलला येऊन शिकून गेलेले डॉ. युताका नाकामुरा यांनी तिच्यासाठी खटपट केली होती, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अपंगांना काम देणारा कारखाना जपानमध्ये काढला. १९६८ साली, ज्या वर्षी आपले बेट स्वतंत्र झाले त्या वर्षी, स्पर्धा तेल अवीवला झाली आणि भारताचा संघ प्रथमच उतरला.

त्या संघात सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचा एक मराठी जवान होता, मुरलीकांत पेटकर. मूळचा मुष्टियोद्धा. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात रुतून बसली आणि कमरेखालचे अंग गेले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहावयास लावले. म्हणजे गुटमान यांच्याच विचाराची वाट. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली, आणि भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळाले. सांगलीच्या या गड्याला त्याच्या देशाने पुढे किती वर्षे विसरावे! पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, शेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा आपल्याकडच्या तरुणांनाही हे नाव कळले. आपल्या बेटाविषयी सांगायचे तर २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत योव्हानी फिलीप यांनी चारशे मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले मॉरिशसचे ते पहिले पदक. त्यांचा गट बौद्धिक अपंगत्वाचा आहे. गुटमान यांनी खेळ सुरू केले तेव्हा ते फक्त मज्जारज्जूच्या रोग्यांसाठीच होते.

गुटमान १९४५ साली ब्रिटिश नागरिक झाले होते. १९६६ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच सुमारास ते इस्पितळातून निवृत्त झाले. पण निवृत्ती नावालाच. १९६१ साली त्यांनी या विषयाच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली होती, दोन वर्षांनी तिचे नियतकालिकही सुरू झाले. १९६९ साली स्टोक मँडेव्हिलला अपंगांसाठी क्रीडागार उभे राहिले. १९७३ साली मज्जारज्जूच्या इजांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. १९७९ च्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १८ मार्च १९८० रोजी ते वारले. वय ऐंशी.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. कण्याच्या इजेवर लवकर शस्त्रक्रिया करण्यास त्यांचा आयुष्यभर कट्टर विरोध होता. त्यांच्या काळी ती शस्त्रक्रिया बहुधा घाईची आणि घातक असे, त्यामुळे विरोधाला कारण होते. आता तपासणीची यंत्रे व शस्त्रक्रियेची साधने सुधारली आहेत, आणि दबलेला मज्जारज्जू शक्य तर पहिल्या चोवीस तासांत मोकळा करावा असे पुष्कळ शल्यविशारद मानतात. शिष्यांनी गुरूचा हा हट्ट बाजूला ठेवला.

आणि आज संशोधन कोठे आले आहे? २०११ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथील संशोधकांनी एका पूर्ण लुळ्या पडलेल्या तरुणाच्या पाठीत मज्जारज्जूवर बारीक विद्युत-अग्रे बसवली. प्रवाह चालू असताना, आणि महिनोन्महिने सराव केल्यावर, तो स्वतःच्या पायांवर वजन घेऊन उभा राहू शकला. २०१८ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील चमूने याच मार्गाने काही रोग्यांना आधाराने पावले टाकावयास लावली. २०२३ साली त्याच चमूने मेंदूवर बसवलेल्या यंत्राचा संदेश बिनतारी मार्गाने थेट मज्जारज्जूकडे पोहोचवला, म्हणजे तुटलेल्या पुलाला बाजूने दुसरा पूल बांधला, आणि सायकलच्या अपघातात पाय गमावलेला एक डच गृहस्थ मनात आणताच चालू लागला. २०२४ साली एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध झाला : मान मोडल्याने हात अधू झालेल्या साठ जणांना कसलीही शस्त्रक्रिया न करता मानेच्या कातडीवरून विद्युत-उत्तेजन देत हातांचा व्यायाम करून घेतला. शेकडा बहात्तर जणांच्या हातांची शक्ती आणि काम दोन्ही सुधारले.

हे वाचून कोणी असे समजू नये की उद्या सकाळी आपल्या घरी यंत्र येणार आहे. यंत्रे थोडी आहेत, महाग आहेत, आणि प्रत्येक प्रयोगात व्यायाम हा यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरला आहे. शिवाय हे सगळे ज्यांच्यावर झाले ते रोगी इजेनंतर कित्येक वर्षे धडधाकट जगलेले होते. त्यांची कातडी अखंड होती, मूत्रपिंडे शाबूत होती, खांदे बळकट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मज्जारज्जूची इजा घेऊन जगणारी दीड कोटीहून अधिक माणसे आज जगात आहेत. गुटमान यांच्या आधी एवढी माणसे जगलीच नसती.

माझा एक जुना विद्यार्थी चार वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडला. छातीखालचे अंग गेले. या वेळी मात्र घरी सोडताना परिचारिकेने त्याच्या आईला सगळे शिकवले होते. पहिल्या वर्षी त्या माउलीने स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ मुलाच्या उशाशी ठेवले होते आणि रात्री दर दोन तासांनी ती उठत होती. आता तो स्वतःच हातांनी अंग वळवतो, खुर्चीत बसून आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांना गणित शिकवतो आणि मला मास्तर न म्हणता सर म्हणू लागला आहे. त्याच्या पाठीवर एकही डाग नाही, हे त्याची आई आल्यागेल्याला अभिमानाने सांगते. गुटमान हे नाव तिने कधी ऐकलेले नव्हते. हा लेख छापून आला की वाचून दाखवीन असे मी तिला कबूल केले आहे.

गेल्या गणेश चतुर्थीला तो आरतीला आला. आमच्या सभागृहाला तीन पायऱ्या आहेत. चार तरुणांनी त्याला खुर्चीसकट उचलून आत नेले, रोमच्या त्या सैनिकांसारखे. सगळ्यांना कौतुक वाटले. तो मात्र सबंध आरतीभर मान खाली घालून बसला होता. नंतर त्याने मला हळूच सांगितले की पुढच्या वर्षी तो येणार नाही. मी ही गोष्ट कमिटीच्या बैठकीत काढली. बराच वेळ पैशांवर बोलणे झाले. मग एका आजोबांनी, जे आयुष्यभर सुतारकाम करीत आले, खिशातून टेप काढली आणि बाहेर जाऊन पायऱ्यांची उंची मोजली. प्रत्येक पायरी सोळा सेंटिमीटर. उतार जवळजवळ सहा मीटर लांब करावा लागेल, असे त्यांनी हिशेब करून सांगितले. लाकूड कोणते वापरायचे यावर अजून एकमत झालेले नाही.